उभ्या स्क्रूवरचं कपलिंग

ढिलेपणा आमच्या ताईला कशातच खपत नाही. कपाटाची बिजागरी कुरकुरली की पाहुण्यांना तसंच बसवून ती पाना शोधायला उठते. लहानपणी माझ्या सायकलचं हँडल जरा डुलायचं, तर बाईसाहेबांनी ते असं आवळलं की मला वळताच येईना आणि मी सरळ गटारात. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, म्हणायचे, "हिच्याशी लग्न झाल्यापासून मीही आवळलेलाच आहे." हा विनोद ते आता करत नाहीत.

आम्ही तिघंही एकाच कारखान्यात. तिथे धातू कापायची मशीन बनतात. मी वायरिंग करतो, भाऊजी जुळणी करतात आणि ताई डिझाइनला आहे. मोटर आणि तिने फिरवायचा, मशीनचे भाग सरकवणारा लांब स्क्रू यांना जोडणारा जो तुकडा असतो, ते कपलिंग. मिक्सरच्या भांड्याखाली रबरी कपलर असतो ना, त्याचंच हे शिकलेलं भावंड. कुठे कुठलं कपलिंग घालायचं, हे ताई ठरवते.

नेहमीच्या कपलिंगला दोन लोखंडी पंजे असतात आणि मधे रबराची चांदणी. रबर दबतं, म्हणून किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहतो आणि कापलेलं वर्तुळ अगदी गोल येत नाही. नव्या मशीनवर हे दिसलं आणि ताईच्या डोक्यात तिडीकच गेली. तिने सगळ्या स्क्रूंना बेलोजचं कपलिंग घातलं. पातळ स्टीलची घड्याघड्यांची नळी, प्ले औषधालाही नाही. नवा दागिना दाखवावा तशी ती मला ते दाखवत होती.

"उभ्या स्क्रूलाही हेच?" मी विचारलं. उभ्या स्क्रूवर मशीनचं हेड, म्हणजे कापणारा जड भाग, लटकतं, आणि ते चार माणसांना उचलायचं नाही. "रबर फाटलं तरी पंजे एकमेकांत अडकून राहतात. हे फाटलं तर हेड कोण धरणार? तू?"

"मोटरला ब्रेक आहे."

"मोटर वर, कपलिंग तिच्या खाली. ब्रेक मोटरला धरेल, हेडला नाही."

"अरे, मोटरचा नि स्क्रूचा शाफ्ट एका सरळ रेषेत असले की ते फाटत नाही. आणि माझ्या मशीनमध्ये शाफ्ट वाकडे? शहाणाच आहेस!"

मला राग आला. नेहमी येतो. पण तिची मापं कधी चुकलेली मी पाहिली नव्हती, म्हणून बडबडत माझ्या वायरींकडे गेलो.

तशी दोन मशीन झाली. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकाकडे गेली. तिच्यावर काम करणारी बाई आधी आमच्याकडे शिकायला आली होती. बाई मोठी बोलघेवडी, पुसायला लेकीच्या जुन्या फ्रॉकचं मऊ फडकं घेऊन यायची. भाऊजींनी तिला आमच्या शेडची रीत शिकवली: मशीन थांबलं, ब्रेक लागला, की आधी हेडखाली हात घालून चुरा पुसून काढायचा. "ब्रेक लागला की खुशाल घाला हात," भाऊजी म्हणाले. बाई पहिल्यांदा बिचकली, मग सवयच झाली. जाताना ताईला म्हणाली, "तुमचं मशीन म्हणजे निर्धास्त काम."

एका दुपारी शेडमध्ये आम्ही डबे उघडले होते. धाकटी ब्रेक लावून उभी होती, हेड वर. कोणी तिला हात लावला नाही. एकदम टक् झालं आणि हेड धाडदिशी टेबलावर आदळलं. जमीन हादरली, डबा माझ्या हातातून पडला. भाऊजी तिथून नुकतेच पुसून उठले होते. ते उभ्या उभ्या पांढरेफटक झाले.

स्क्रीनवर हेड अजून वरच दाखवत होतं. स्क्रीन मोटरकडे बघते, आणि मोटर जागची हललीच नव्हती. ताईने कपलिंग काढलं. नळी गोलाकार चिरून दोन तुकडे झाली होती. मोटरचा आधार केसभर बाजूला बसला होता, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ती नळी मुरडत होती.

"थोरलीचा आधारही याच साच्यातला आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना.

तिने गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. तिकडच्या सुपरवायझरने उचलला, मागे थोरलीचा घरघराट चालू होता.

"अहो, काही तक्रार नाही हो," तो म्हणाला. "झकास चाललंय. स्क्रीनवर सगळं ठीक आहे."

"स्क्रीनचं सोडा! मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा, आधी बंद करा, आणि..."

"बरं बरं, आलोच." रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. माणूस गेला.

ताई त्या रिकाम्या फोनशी बोलत राहिली. "हेड खाली टेकवून बंद करा हो. लाल बटण दाबू नका, हेडला झटका बसून नळी तुटेल. खाली लाकूड घाला. ऐकताय ना?" जन्मभर एक स्क्रू ढिला न सोडणारी माझी बहीण अर्धंच वाक्य सांगून बसली होती. भाऊजी टेबलावरचा फोन ओढून नुसतेच "ओ! ओ!" असं ओरडायला लागले.

घरघराट तटकन थांबला. चपला फरफटत जवळ आल्या.

"हं, लाल बटण दाबून टाकलं बघा," सुपरवायझर खुशीत म्हणाला. "बोला आता निवांत. तोवर बाई पुसून घेतायत."

"हात काढायला सांगा!" ताई किंचाळली.

"काय म्हणालात?"

तेवढ्यात फोनमधून टक् ऐकू आलं, मग धाड, आणि त्याच्या मागोमाग बाईंची किंकाळी.