गोरजमुहूर्त आणि जमीलाबी

माह्या लग्नात एका बुढ्यानं माह्या मायले अडकित्त्यानं कातरून खाल्लं. हसू नका. हसाचंच असंल तर अगोदर पुरतं ऐका, मंग हसा. मी तर तवा भर मांडवात हसली होती, मुंडावळ्या तोंडात जाईपर्यंत.

पण ही गोष्ट माही नाही, जमीलाबीची हाये. मी आपली मधात नवरी म्हणून बसली हाये, तेवढंच.

जमीलाबी रोहिणखेडची. नवरा अब्दुल गनी, भांड्याले कल्हई करणारा, साधा माणूस, बायको बोलत असली की हा आपला भाता हालवत बसे. ती ठेंगणी, रुंद, आन् आवाज असा की रस्त्यानं चाललेले बैल थांबले पाहिजे. खामगावच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईच्या हाताखाली ते नर्सेचं काम शिकली होती. आपला वऱ्हाड तवा सीपीसंगं, म्हणजे मध्यप्रांतासंगं, बांधला होता. मोठे साहेब नागपूरले बसत, आन् आमच्या धामणगाव बढ्याले दम्याच्या माणसाले पाहाले कोणी साहेब येत नसे. जमीलाबी ये. दमणीत, म्हणजे बैलाच्या लहान गाडीत बसून, मांडीवर तिचा डबा घेऊन. डबा म्हणजे घासलेटचा, अब्दुल गनीनं त्याले हातभर लांब तोटी कथलाचा डाक देऊन लावली होती. चुलीवर ठेवला की तोटीतून वाफ निघे, ते बिमाराले द्याची. पण ज्या घरी जाय त्या घरी कोणी ना कोणी बशी घेऊन समोर ये, चहा हाये समजून. ती त्याले शिव्या दे आन् मंग स्वतःच पोट धरून हसे.

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली ते बाबा मरून राह्यले होते म्हणून. म्हणजे काका तसं म्हणत होता.

माहे बाबा भगवानराव, घरची जमीन, जुना दमा. रंगराव काका बाबाचा लहान भाऊ. माणूस वाईट नाही, घाईचा. पेरणीची घाई, जेवाची घाई, दुसऱ्याच्या मरणाचीही घाई. बाबाले मोठा दमा लागला तसा त्यानं आरोळी ठोकली, "खाली घ्या! खाली घ्या!" आमच्याकडे माणूस चालला असं वाटलं की त्याले खाटेवरून उतरवून भुईवर उताणा निजवतात, तोंडात गंगाजल घालतात. तसं घातलं. खिडकी लावली. उदबत्त्या लावल्या. गल्लीतल्या साऱ्या बायका भोवती बसून रडाले लागल्या. बाबा डोळे वटारून हात हालवत होते. काकाची बायको वच्छलाकाकू म्हणे, "पाहा वं माय, निरोप घेऊन राह्यले." निरोप कशाचा! ते 'मले बसवा' म्हणून राह्यले होते, पण तोंडात गंगा.

जमीलाबी बाजूच्या गल्लीत बाळंतिणीकडे आली होती. रडणं ऐकून आत घुसली आन् दारातूनच कडाडली, "अजी, हा माणूस मरून नाही राह्यला, तुम्ही मारून राह्यले! उठवा त्याले! दम्याच्या माणसाले उताणं कोण टाकते? आन् ते पाणी बंद करा, फुप्फुसात कोण आंघोळ करते काय?"

तिनं बाबाले उठवून बसवलं, खिडकी उघडली, उदबत्त्या अंगणात फेकल्या, बायकाइले उदबत्त्याच्या मागं पाठवलं. मंग म्हणे, खुर्ची पाहिजे. आमच्या गावात खुर्ची एकच, चावडीतली, तहसीलदारासाठी झाकून ठेवलेली. कोतवालानं भीत भीत आणली. जमीलाबीनं बाबाले तिच्यावर उलटं बसवलं! पाठ टेकाची तिकडं छाती, दोन्हीकडून पाय, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून तिच्यावर हात आन् डोकं. "असं समोर झुकलं की छातीले जागा भेटते," म्हणे. "आता नाकानं घ्या, आन् ओठाचा चंबू करून सोडा. फुंकणीनं निखारा फुलवता ना, तसं. हळू! राख उडाली तर नापास."

बाबा फू फू करत राह्यले. मंग तोटीची वाफ दिली, मंग कोरी कडक कॉफी पाजली, कुठून आणली होती अल्ला जाणे. दुपारपर्यंत बाबाचे काळेनिळे ओठ माणसावानी झाले. पहिला शब्द काय बोलले असतील? "रंग्या, तू बाहीर हो."

त्या दिवसापासून ती खुर्ची चावडीत कमी आन् आमच्या घरी जास्त राह्यली. तहसीलदार आला की कोतवाल पळत येऊन घेऊन जाय.

आता लग्नाचं ऐका. माही माय मी रांगत होती तवाच गेली. मले तिचं तोंड आठवत नाही. बाबानं दुसरी केली नाही. माहं ठरलं साखरखेर्ड्याच्या शेषरावाशी. ते लोकं आमच्यावानी 'मले-तुले' नाही, 'मला-तुला' बोलत, आमच्या घरच्या पोट्ट्या त्याइची नक्कल करत. सारं ठीक होतं, पण कन्यादान जोडप्यानं कराचं असते. काका-काकू तयारच होते, काकूनं शालू घडीतून काढून उन्हात टाकला होता. बाबा म्हणे, "नाही. पोर माही हाये, तिचा हात माह्या हातानं देईन. मायची सुपारी खोसून देईन." विधुर माणूस बायकोच्या नावानं कमरेले सुपारी खोसते आन् जोडप्याचं काम करते, ते त्याइले ठाऊक होतं. काका म्हणे, "आन् दमा लागला तर?" बाबा म्हणे, "हात दिल्यावर मले खुशाल खाली घे. त्याच्या अगोदर हात लावशील तर पाहाय!"

बोलले खरे. पण रात्रभर बसून काढत, आन् मी भिंतीच्या पलीकडून त्याइचा श्वास ऐकत राहो. मले नवऱ्याची काळजी नव्हती, दागिन्याची नव्हती. मले एकच वाटे, बाबाच्या हातानं जाऊ दे रे देवा मले.

जमीलाबी अगोदरच येऊन बसली आन् लग्नघराची सासू झाली. धूप बंद. कोरडा झाडू बंद, पाणी शिंपडूनच झाडा. मिरच्याची फोडणी गावाच्या त्या टोकाले. नव्या गाद्या पिंजू नका, कापूस उडते. आचारी वैतागून म्हणे, "बाई, लग्न हाये का उपास?" ती म्हणे, "तुह्या तर्रीनं बाप गेला तर तेराव्याचंही तुलेच सांगतो."

तिचं खरं भांडण जुंपलं भटजीसंगं. मुहूर्त निघाला गोरज. गायी घरी येतात, खुरानं धूळ उडते, ती घडी! जमीलाबी कपाळाले हात लावून म्हणे, "या अल्ला! दिवसभरातून जे घडी धुळीची, तेच दम्याच्या बापाले?" भटजी म्हणे पत्रिकेत तेच हाये. मंग ती गेली निवृत्ती गुराख्याकडे. त्यानं हाव म्हणलं, त्या दिवशी गुराची खांडं नदीच्या अंगानं आणतो. मांडवासमोर तिनं घागरीच्या घागरी ओतून शिडकावा केला. इतका चिखल झाला की नवरदेवाच्या घोड्यानं पाय टाकाले नकार दिला. शेषराव चिखलात उतरले, एक जोडा तिथंच राह्यला. माह्या पोट्ट्या मैत्रिणी खिदळल्या, मी घराच्या आतून ऐकत होती, "ओ माय, नवरदेव लंगडीच घालते!"

बाबा बोहल्याजवळ खुर्चीवर उलटे बसले होते. फेटा, कोट, आन् घोड्यावर बसल्यावानी पाय. नवरदेव घोड्यावरून उतरला आन् सासरा चढून बसला, असं सारे म्हणत होते.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आन् वाजंत्र्यानं सनई-ताशाचा असा दणका दिला की नदीच्या अंगानं येणारं निवृत्तीचं खांड बिचकलं. शेपट्या वर करून साऱ्या गायी गावात! मांडवाच्या कडेनं, शिडकावा नव्हता तिकडून गेल्या. एक गोऱ्हा तर मधातूनच गेला, काकूच्या शालूचा पदर शिंगाले घेऊन. आन् धूळ! बोहल्यावरचे आम्ही एकमेकाले दिसेनो.

धूळ बसली तवा बाबाची छाती भात्यावानी चालली होती. मान ताणलेली, घामाघूम, ओठ निळे. कन्यादान तेवढं राह्यलं होतं. आन् काकानं ठोकलीच आरोळी, "खाली घ्या! खाली घ्या!" दोघा-तिघाइनं बाबाच्या बगलेत हात घातले. साखरखेर्ड्याचे लोकं उभे झाले. बाप मांडवात भुईवर निजवला तर पुढं काय होते, मले सांगाची कोणाले गरज नव्हती. मी शालूसकट उठली आन् ओरडली, "हात नका लावू माह्या बाबाले!" नवरी असं ओरडत नाही म्हणे. नसंल ओरडत!

जमीलाबी लोकाइच्या अंगावरून आली. "हटो! हवा सोडा!" एकाचा हात झटकला, काकाच्या छातीवर वाफेचा डबा टेकवला, तो चटका बसून आपोआप दूर झाला. मंग तिनं बाबाच्या कोटाचे बटनं काढले, उपरणं सोडलं, धोतराची गाठ सैल केली. "आवळून बांधलं याइले, मोट हाये का माणूस हाये!"

गाठ सैल झाली तशी कमरेची सुपारी टपकन पडली आन् गडगडत गेली. मी पाहून राह्यली होती. अक्षतातून, गुलालातून, थेट पंगतीच्या सतरंजीवर बसलेल्या पुंजाजी आजाच्या मांडीजवळ. पुंजाजी आजा म्हणजे व्याह्याचे चुलते, ऐकाले कमी, दिसाले त्याहून कमी. त्याइनं सुपारी उचलली, धोतराले पुसली, कंबरेचा अडकित्ता काढला आन्—कट्!

भटजी ओरडला, "अहो, ते वधूची माता होय!"

पुंजाजी आजा चघळत म्हणे, "हो, चांगली हाय. जरा जुनी हाय."

मंग बाबा हसले. तोटीची वाफ नाकातोंडात, छातीत जीव नाही, आन् खांदे गदगदाले लागले. जमीलाबी ओरडली, "हसा! हसा, पण झुका समोर!" हसता हसता बाबाले खोकला आला, खोल, पोटातून, आन् जे आत अडकलं होतं ते सारं बाहीर पडलं, व्याह्याच्या चांदीच्या पिकदाणीत. व्याही पाहातच राह्यला. जमीलाबीनं आत डोकावून पाह्यलं आन् म्हणे, "माशाल्ला!"

मंग मी हसली, तेच ते, मुंडावळ्या तोंडात जाईपर्यंत.

भटजीनं दुसरी सुपारी काढली, मंत्र म्हणला आन् बाबाच्या कमरेकडे हात नेला. जमीलाबीनं हात धरला. "कमरेले काहीच नाही खोसाचं. पोट मोकळं पाहिजे." भटजी म्हणे, सुपारी जवळ पाहिजेच. काकू पुढं झाली, शालू अर्धा फाटलेला, "आम्ही दोघं बसतो ना." बाबानं मान हालवली, नाही. बोलाले श्वास नव्हता, पण नाही.

"मंग माह्या हातात द्या," जमीलाबी म्हणे. "मी याइच्या पाठीले लागूनच उभी हाये. हात काढला तर हे पडतीन."

मांडवात कुजबुज झाली. भटजीनं आभाळाकडे पाह्यलं. गोरज सरत होती. "सुपारी शुद्ध हाये," तो म्हणे, "मूठ कोणाची पाहिजे ते पोथीत नाही. धरा!"

आन् संकल्प सुरू झाला. भटजीचे संस्कृत शब्द हातहात लांब. बाबा दोन शब्द म्हणत आन् थांबत. जमीलाबी मागून म्हणे, "सोडा. फू." बाबा फू करत. परत दोन शब्द. फू. पहिल्यानं माह्या मैत्रिणी खिदळत फू कराले लागल्या, मंग आचारी, मंग निवृत्ती दारात उभा राहून. शेवटी साखरखेर्ड्याचे पागोटेवालेही. भटजी म्हणे, बाबा म्हणत, आन् सारा मांडव ओठाचा चंबू करून म्हणे, फू! शेषरावांनी फू केलं तवा मी पहिल्यांदा त्याइच्याकडे नीट पाह्यलं. बरा होता माणूस. रंगराव काकाही करत होता, सगळ्याइच्या अगोदर, घाईघाईनं.

बाबानं खुर्चीच्या पाठीवरून हात पुढं केले आन् माहा हात शेषरावाच्या हातात दिला. वरून पाणी सोडलं. मंग म्हणे, "झालं ना? रंग्या, आता घे खाली." काका रडाले लागला. बाबा काही खाली गेले नाही, पुढं लय दिवस त्याच खुर्चीवर बसून गावाले शिव्या देत राह्यले.

निघतानी मी गाडीत बसली. जमीलाबी चिखलातून आली, मूठ तशीच बंद. सारं जेवण झालं, सारे पाया पडून झाले, तिनं मूठ उघडली नव्हती. बाबाले खाऊही डाव्या हातानं घातलं.

"घे," ती म्हणे. "तुही माय. लय घट्ट धरलं मी तिले, रागावू नको म्हणावं."

तिच्या तळव्यात गोल लाल खळगी पडली होती. तिनं सुपारी माह्या हातावर ठेवली. मायचा हात कसा होता, मले कधीच आठवलं नाही. ती सुपारी गरम होती.