सहा चाळीसला दार उघडायचं

चंद्राबाईंनी अकरा वर्षं माझ्या ब्लाउजची मापं घेतली, पण माझं खरं माप काढलं ते दोन गिनीपिग द्यायच्या वेळी. लग्न ठरताना माझ्या सासूनंही इतकं विचारलं नव्हतं! मी निपाणीची वीणा, जिभेला हाड नसलेली. कुणी उलटतपासणी सुरू केली की माझं डोकंच सटकतं. पण चंद्राअक्कांपुढं आपली काही टाप नव्हती.

बसवनगुडीत गांधी बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. घराणं साडेतीनशे वर्षांपासून बंगळुरात. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि तसं म्हटलं की रागवायच्या. चाळीस वर्षं शिलाई केली. गिऱ्हाईक दोन किलोनं वाढलंय हे त्यांना दारातच कळायचं आणि ते त्या चारचौघींत सांगायच्या. एवढं ऐकूनही मी हेब्बाळहून दीड तास ट्रॅफिक सोसून त्यांच्याकडंच जायची, कारण बाही बसते तो मुंढा तसा दुसऱ्या कुणाला जमत नाही.

नवरा हणमंतराव एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खात्यात अटेंडर होते. तिथली जनावरांची खोली बंद झाली तेव्हा उरलेली दोन पिल्लं त्यांनी घरी आणली. एक मूगडाळीसारखी पिवळसर, एक तांबूस. म्हणून मुगी आणि मसुरी. रोज संध्याकाळी सहा चाळीसला ते मोपेडवरून कोथिंबिरीची जुडी घेऊन यायचे. मोपेड कोपऱ्यावर वळायच्या आधीच दोघी कुईऽक कुईऽक करून घर डोक्यावर घ्यायच्या. माणसाच्या कानाला तेव्हा काहीसुद्धा ऐकू आलेलं नसायचं.

दोन वर्षांपूर्वी हणमंतराव कॉलेजातच, स्टुलावर बसल्या बसल्या गेले. मोपेड विकली. पण सहा चाळीसला ओरडणं काही थांबलं नाही.

हे ऐकीव नाही, मी बघितलंय. गौरी, माझी दहा वर्षांची मुलगी, बरोबर होती. अक्का माझ्या बाहीला टाचण्या लावत होत्या. गवत चघळणाऱ्या दोघी एकदम थिजल्या, दाराकडं तोंड करून बसल्या, आणि मग ओरडायला लागल्या. अक्कांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि जाऊन दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. तरी त्या जराशा बाजूला सरल्या, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशा. मग दार लावलं. दोघी गप्प झाल्या.

"सवय असते हो जनावरांना," मी म्हटलं.

"असंल. सकाळी 'येतो' म्हणून गेले ते. आपल्यात कुणी 'जातो' म्हणतं का घरातून निघताना? म्हटलंय तर येतात."

त्यांनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि माझी बाही ओढली.

यंदा अक्कांच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सुक्या गवताची धूळ बाधतेय. घरात गवत ठेवायचं तर श्वासाची खात्री नाही. गौरीनं तर मागंच लकडा लावला होता. मी म्हटलं, आम्ही नेतो.

"बस इथं," अक्का म्हणाल्या. "गौरी आठवीला जाईल तवरही या जगतील. तिचं मन उडालं की कोण करणार?"

"मी."

"रोज मुतानं भिजलेलं काढायचं. चोवीस तास गवत पुढं पायजे, दात वाढतच असतात. एक दिवस पोट रिकामं राहिलं तर संपलं, समजलं? रोज ढबू मिरची, कोथिंबीर. शिजलेला भात नको, दूध-पाव नको. दिवाळीला निपाणीला जाता, तेव्हा कुणाच्या जिवावर?"

"अक्का, बघू की तेव्हाचं तेव्हा."

"मग नेऊ नको." त्यांनी तोंड फिरवलं. अस्सं डोकं तापलं माझं! पण गौरीचा चेहरा बघून तिथंच बसून शेजारणीला फोन लावला, दिवाळीचं पक्कं केलं.

"सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे कन्नडात 'बरं'. "एकटी कधी ठेवायची नाही, दोघी एकत्र. कुत्र्यांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. यांना बघणारा कुठं आहे ते आधी शोधून ठेव. आणि दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन कर. दुखणं लपवतात गं या. अगदी शेवटपर्यंत खाल्ल्यासारखं करतात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि सहा चाळीसला ओरडल्या की दार उघडायचं. बोलायचं काही नाही. नुसतं उघडायचं."

मी हो हो म्हटलं. म्हणायला काय जातंय?

आमच्या चौदाव्या मजल्यावर दोघी मजेत रुळल्या. फ्रिज उघडला की ओरडायच्या, पिशवी वाजली की ओरडायच्या. सहा चाळीसला मात्र एकदाही नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

पण पावणेसातला रोज अक्कांचा फोन. "ओरडल्या?" "नाही, अक्का." "सरी." बस, एवढंच. आठवडाभर हेच. आठव्या दिवशी त्यांनी 'ओरडल्या?' विचारलंच नाही, एकदम बोलायला लागल्या.

"दोघी होत्या तर मला कळायचं गं, कधी उघडायचं ते. आता चार वाजल्यापासून दार उघडं टाकून बसते. खोकला येतो, आत जाते, वारं येऊन दार लागतं. त्याच वेळी ते आले असतील तर? बंद दारापुढं उभे राहिले असतील तर?"

मला ऐकवेना. आपल्याकडं मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून आपण किती वेळा खोटं बोलतो! न आवडलेल्या साडीला छान म्हणतो, भरल्या पोटी आणखी एक पोळी घेतो. त्याच सवयीनं मी बोलून गेले, "अक्का, आज ओरडल्या. बरोबर सहा चाळीसला. मी दार उघडलं."



"मग तुझ्याकडं आले," त्या म्हणाल्या. "दोघींच्या मागं गेले. सरी. बरं झालं. मी आता दाराला कडी लावते." त्या रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गौरी गृहपाठ करत होती आणि मी डाळ धूत होते. बाहेरच्या खोलीतून येणारी गवताची कुरकुर एकाएकी थांबली. मी डोकावले. मुगी आणि मसुरी दाराकडं तोंड करून थिजल्या होत्या. मग त्या ओरडल्या. घड्याळ बघायची गरजच नव्हती.

"आई, दार," गौरी म्हणाली.

मी दाराच्या भिंगातून बघितलं. आमच्या मजल्यावरचा दिवा माणूस चालला तरच लागतो. तो लागलेला होता. दिव्याखाली कुणी नव्हतं. दहा सेकंदांत विझायला पाहिजे तो दिवा विझत नव्हता. माझा हात कडीवर होता. उघडलं तर ते आत येणार, आणि अक्कांचं दार कायमचं बंद. मी फोन लावला.

"अक्का, काल मी खोटं बोलले. काल ओरडल्याच नव्हत्या. आज ओरडतायत, आत्ता. मी दार उघडलेलं नाही. तुम्ही तुमचं उघडा!"

त्या रागवल्या नाहीत. नुसता घरघरता श्वास ऐकू आला. "काल तुझ्याच तोंडानं सांगितलंस की दार उघडलं," म्हणायला हवं होतं त्यांनी, पण म्हणाल्या, "तू सांग त्यांना. चुकलात म्हणून सांग. उघडू नको."

बाहेर लोक मला इंजिनिअर म्हणून ओळखतात. मी दाराला कपाळ टेकवून म्हटलं, "काका, इथं नाही. बसवनगुडीला. अक्का दार उघडतायत."

दिवा विझला. दोघी गप्प झाल्या. मसुरीनं खाली बघून गवत तोंडात घेतलं.

फोन चालूच होता. तिकडं स्टूल सरकल्याचा, मग कडी काढल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही, अक्कांचा खोकलासुद्धा नाही. मी "अक्का? अक्का?" करत राहिले.

मग त्यांचा आवाज आला. फोनपासून लांब, आणि माझ्याशी नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती उशीर."

मी फोन ठेवला.