कार्बोरेटरचा चोर

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण चोरी करताना इंजिनात ताजं तेल ओतून जाणारा चोर एकच पाहिला.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. सकाळची हजेरी झाली की निम्मे शिपाई टँकरच्या रांगेतली भांडणं सोडवायला जात. दसरा होऊन दोन दिवस झाले असतील, तोच तिथल्या दूध संघाचे चेअरमन अर्ज घेऊन ठाण्यात आले. एरवी कामाला माणूस धाडणारे गृहस्थ स्वतः आले, तेव्हाच मी ओळखलं की दुखणं जिव्हारी लागलेलं आहे.

चेअरमनना जुन्या गाड्यांचा नाद होता. एखादी सहकारी संस्था बुडाली, तिच्या मालाचा लिलाव निघाला, की भंगारवाल्याच्या आधी हे हजर. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी अकरा गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. त्यांचा नियम एकच होता. जशी आली तशी ठेवायची. फुटक्या काचेला नवी काच नाही, गंजाला रंग नाही आणि चालू तर मुळीच करायची नाही. दसऱ्याला मात्र प्रत्येक गाडीला झेंडूचा हार. यंदा त्याच दिवशी एका पाहुण्याला इंजिन दाखवावं म्हणून त्यांनी नाकवाल्या जुन्या पेट्रोल ट्रकचं बोनेट वर केलं, तर कार्बोरेटर गायब.

"साहेब, अख्खी गाडी नेली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "काळीज काढून नेलंय हो."

अर्ज चौकशीवर घेतला, हवालदाराला बरोबर घेतलं आणि शेड गाठली. बोनेटखाली वाकलो आणि चक्रावलो. कार्बोरेटर होता तिथे एक छोटी पुरचुंडी बांधलेली होती. सोडली तर आत चार नट आणि वायसर. डायनामो रॉकेलनं धुतल्यासारखा स्वच्छ. रेडिएटरचा पाइप नवा. हवालदारानं तेलाची पट्टी ओढली, तर तेल मधासारखं ताजं.

चोर घाईत असतो. नट तो फेकतो नाहीतर खिशात घालतो. ते पुरचुंडीत बांधून जागच्या जागी ठेवणारा माणूस परत येणार असतो.

"इथे येतं कोण?" मी विचारलं.

"एक म्हातारा मिस्त्री. धूळ झाडतो, टायरात हवा भरतो. पण त्याच्यावर संशय नको साहेब. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय त्याच्या. आन् बोनेटला हात लावायचा न्हाई, हे मी त्याला बजावून ठेवलंय."

फिर्यादी ज्याचं नाव न विचारता यादीतून वगळतो, त्याच्या घरी आधी जावं, हा माझा अनुभव. पण निव्वळ अनुभवावर म्हाताऱ्या माणसाच्या दारात पोलीस उभे करायचं मला पटेना. दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी नेकनूरच्या बाजारात चहाचा गाडा लावणाऱ्या आमच्या खबऱ्याचा निरोप आला, "म्हातारा मिस्त्री कार्बोरेटरचं पॅकिंग हुडकत फिरायलाय. पेट्रोलच्या ट्रकचं. तसला ट्रक आता पंचक्रोशीत एकच हाय."

हवालदार बोलवायला गेला. मिस्त्री आला तो काखोटीला गाठोडं मारूनच. माझ्या टेबलावर त्यानं ते हळूच ठेवलं. आत चकचकीत कार्बोरेटर.

"घ्या साहेब. पर उलटा धरू नका."

चौकशीसाठी मी मनात चार प्रश्न मांडून ठेवले होते. एकही उपयोगी पडला नाही. चहा मागवला आणि इतकंच विचारलं, "का केलंत हे, मिस्त्री?"

तो सांगू लागला. बहात्तरच्या दुष्काळात तो ट्रक खरेदी-विक्री संघाचा होता आणि हा त्यावर ड्रायव्हर होता. मागं पिंपं बांधून रस्त्याच्या कामांवर, गावोगाव पाणी न्यायचा. "आमच्या लोकांला तवा गावच्या हिरीवर चढू देत नव्हते, साहेब. आमी बुद्धाचे झालो, पर हिरीला ते कोन सांगनार? मी ट्रक पयला आमच्या वस्तीत लावायचो. मग सगळा गाव तितं यायचा. तहान लागल्यावर कुनी कुनाला जात इचारली न्हाई." त्यानं कार्बोरेटरवरून बोट फिरवलं. "ती गाडी हारं घालून मेलेल्यावानी उबी हाय. बघवंना. चार साल झाले, एक एक सामान घरी न्यायलो, साफ करायलो, परत बसवायलो. दिसत न्हाई, बोटानं करतो. म्हनून नटं तितंच बांधून ठेवायची, म्हंजी हरवत न्हाईत. येवढा कार्बोरेटर ऱ्हायलाय. एकदा तिचा आवाज आयकायचाय. पुढल्या सालापस्तोर बोटं बी ऱ्हातील का न्हाई, काय सांगावं?"

"मग डोळ्याचं ऑपरेशन का करत नाही?"

"हाय तेवढं बी गेलं तर?"

आता माझी पंचाईत झाली. मालकाच्या संमतीशिवाय वस्तू हलवली की ती चोरीच. परत ठेवणार होतो म्हटल्यानं सुटका होत नाही. गुन्हा नोंदवून जप्तीचा पंचनामा केला, की कार्बोरेटर मुद्देमाल म्हणून मालखान्यात जाणार आणि निकाल लागेपर्यंत तिथेच पडणार. आमच्या कोर्टाच्या तारखा मला ठाऊक होत्या. म्हाताऱ्याला शिक्षा झाली नसती कदाचित, पण तो आवाजही त्याला या जन्मी ऐकू आला नसता. खरं सांगतो, माझा हात पंचनाम्याच्या कागदाकडे गेलाच नाही. मिस्त्रीला जीपमध्ये बसवलं आणि मळ्यावर नेलं.

चेअरमननी सगळं ऐकलं आणि ते भडकलेच. "तुमच्यावर इस्वास टाकला मिस्त्री, आन् तुमीच? अहो, गॅसकटरनं कापायला काढलेली ही गाडी मी सोडवून आणली! माझ्यापरीस जास्त जीव हाय का तुमचा तिच्यावर?"

"जास्त न्हाई, चेअरमनसाहेब. पर तुमी तिला भिऊन वागवायले."

"भिणारच! चालू केली आन् मोडली तर? हितं कुठं मिळतंय सामान?"

दोघेही खरं बोलत होते. मी मध्ये पडलो. म्हणालो, "अर्जातली वस्तू मिळाली आहे. ती हीच आहे आणि शाबूत आहे, याची खात्री मला करावी लागेल. बसवून बघू. तुम्ही म्हणाल तिथे थांबू." यात कायदा किती आणि माझी हौस किती, ते आता विचारू नका. चेअरमननी स्वतःच बोनेटची कडी सोडली. मग म्हणाले, "बसवा. पर सावकाश."

मिस्त्रीनं पुरचुंडी सोडली. पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून घातलं आणि चारही नट बोटांनी चाचपून बसवले. टाकीत डबाभर पेट्रोल ओतलं, आमच्या सरकारी जीपची बॅटरी काढून लावली. हँडल मारायला हवालदार. सहाव्या फेऱ्यात तो घामाघूम झाला, आठव्यात त्यानं माझ्याकडे बदलीचा अर्ज द्यावा तसं पाहिलं, आणि नवव्या फेऱ्याला ट्रक खोकला, थरथरला आणि सुरू झाला.

पत्रे वाजू लागले. झेंडूची सुकलेली फुलं बोनेटवरून गळू लागली. मिस्त्री कान देऊन उभा होता. मग त्यानं मान वळवली आणि आवाज चढवून विचारलं, "धूर कसला हाय? निळा हाय का काळा? मला दिसंना!"

मी पुढे होणार, तेवढ्यात चेअरमन कडक इस्त्रीच्या धोतरात ट्रकमागे जाऊन गुडघ्यावर बसले.

"निळा हाय, मिस्त्री!" ते ओरडले.

"बगा, बगा. कमी व्हायलाय का?"

"व्हायलाय... व्हायलाय... गेला! साफ हाय आता!"

"मग जमली," मिस्त्री म्हणाला आणि मडगार्डला टेकून लहान मुलासारखा रडला. चेअरमन उठून आले. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते धुराला दोष देत होते. मी दोघांकडे पाठ करून बॅटरीकडे लक्ष दिलं, कारण माझंही काही धड नव्हतं.

अर्ज मागे घ्यायला चेअरमन दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन ठाण्यात आले. जबाबात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "सदर वस्तू चोरीस गेलेली नसून दुरुस्तीस गेली होती." पण एक अट होती. मिस्त्रीनं डोळ्यांच्या शिबिरात यायचं. मिस्त्री नाही म्हणाला. तेव्हा चेअरमननी त्याला माझ्यासमोर झापलं, "माझी गाडी खोलताना भ्याला न्हाईत, आन् सवताच्या डोळ्याची येळ आली की हाय तसंच ऱ्हाऊ द्या व्हय?" मिस्त्री टोपी सारखी करत उठला. चेअरमन त्याला आपल्याच जीपमधून घेऊन गेले.

पुढे भाऊभावांची, नवराबायकोची भांडणं माझ्यासमोर आली, तेव्हा चूक कुणाची हे विचारायच्या आधी मी विचारायला लागलो, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" निम्मी भांडणं तिथेच मिटायची. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

पट्टी सुटल्यावर मिस्त्री आधी घरी गेला नाही, शेडमध्ये गेला. ट्रकभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "चेअरमनसाहेब, रंग लई उडालाय की हो हिचा!"

"रंगाला हात लावायचा न्हाई!"

ते भांडण माझी बदली होईपर्यंत चालू होतं. दोघेही मला बाजारात गाठून आपापली बाजू सांगायचे. अर्ज मात्र एकानेही दिला नाही.