सुटलेले मासे

मासळीबाजारात तिला सगळे शिक्कामावशी म्हणत. तिचा शब्द म्हणजे शिक्का. कालचा मासा ती कालचाच सांगे. गिऱ्हाईक गेलं तर गेलं खड्ड्यात! शेजारणी बोटं मोडत, पण गिऱ्हाइकांची झुंबड तिच्याच ओट्यावर.

तिला दोन मुलगे. थोरला बापाची होडी चालवायचा. धाकट्याने खाडीच्या तोंडाशी जाळीचे पिंजरे टाकून त्यात मासे वाढवायला घेतले, तेव्हा गावात नुसता गदारोळ झाला. खाद्य तळाशी कुजणार, पाणी नासणार, होड्यांची वाट अडणार. बंदरावरच्या सभेत मावशीही तावातावाने उठली होती. "कोंडून वाढवलेला मासा मी माझ्या ओट्यावर ठेवणार नाही!" टाळ्या पडल्या. धाकटा मागच्या रांगेत बसला होता. तेव्हापासून गावात त्याचा मासा कुणी घेईना. तो टेम्पो भरून लांबच्या शहरात माल पाठवायचा आणि घरी येऊन मुकाट्याने जेवायचा. तिला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण बोलून बसली होती ना!

मग वादळ झालं. पिंजरे फाटले, पोराने लहानाचे मोठे केलेले मासे पसार झाले. धाकटा घरी आलाच नाही, तो पाण्यावरच. सकाळी थोरल्याने तिच्या ओट्यावर टोपलीभर मासे ओतले.

तिने एक उचलला. अंगाने गुबगुबीत, शेपटीचं टोक जाळीला घासून बोथट झालेलं.

"अरे, हे तर त्याचे..."

"समुद्रात सापडले ते समुद्राचे," थोरला म्हणाला. "सगळ्यांच्या जाळ्यांत हेच आलेत. बघ की!"

तिने पाहिलं. सभेत घसा फोडून ओरडलेले सगळे तेच मासे विकत होते, तेही अगदी तोंड वर करून. मेल्यांना लाज कशी ती नाही!

"तू शब्द काढलास तर आज बाजारात एक मासा खपायचा नाही," थोरला हळूच म्हणाला. "मग मला बंदरावर कुणी उभं करेल का, आई?"

तेवढ्यात नेहमीच्या मास्तरीणबाई आल्या. मासा बघून खूश झाल्या. "काय छान आहे हो! समुद्राचाच ना, मावशी? तो पिंजऱ्यातला नको बाई मला."

थोरला बर्फ फोडायचा थांबला. शेजारणींचे कान इकडेच.

"समुद्राचा," ती म्हणाली.

उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी बोललेलं पहिलं खोटं, आणि तेही पोटच्या पोराच्या मालावर! तिची तिलाच किळस आली. वर बघते तो बाईंच्या मागे धाकटा उभा. कपडे खाऱ्या पाण्याने कडक झालेले, डोळे लाल. त्याने ओट्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता हा ओरडणार, ओरडू दे बाबा एकदाचा, असं तिला झालं.

"घ्या, बाई," तो म्हणाला. "आमची आई खोटं नाही बोलत."

बाईंनी आणखी दोन घेतले. मावशीने सुरी उचलली आणि लेकाचे मासे त्याच्यासमोरच कापायला घेतले.