महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेली मैत्रीण

"आरतीले हातही नाही लावला तिनं," काकू आईला सांगत होती. "मंग मी आडनाव विचारलं, तवा समजलं. त्यांच्यात नसते."

मी स्वयंपाकघराच्या दारात आंबिलीची वाटी घेऊन उभी होते. बाहेर पंगतीत माझी अकोल्याची मैत्रीण पुरणपोळी खात होती. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिला मीच बोलावलं होतं.

दर दुसऱ्या रविवारी मी अमरावतीहून अकोल्याला जायचे. घरी सांगायचे, क्लास आहे. तिथे एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवर देव न मानणारे आम्ही सहा-सात जण जमायचो. चहा, भुईमुगाच्या शेंगा आणि गप्पा, एवढंच. पहिल्या दिवशी मी "आय ॲम ॲन एथिस्ट" म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे ते सहज आलं, फॉर्म भरल्यासारखं. मराठीत ते मी कधीच बोलले नव्हते. "घरी माहीत आहे?" त्यांच्यातल्याच या मैत्रिणीनं विचारलं. "हो, काही म्हणत नाहीत," मी म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मला ते आवडलं.

माझ्या त्या शब्दावर ती आमच्या घरी आली. आरतीचं ताट समोर आलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मी नाही घेत, काकू." ताट माझ्याकडे आलं. मी दोन्ही हात ज्योतीवर धरून डोळ्यांना लावले. सवयीनं झालं, असं नंतर मी स्वतःला सांगून पाहिलं. पण काकू बघत होती, म्हणूनच मी ते केलं.

जेवताना आई तिला म्हणाली, "आमच्या पोरीनं तर सोळा सोमवार केले." केले होते, म्हणजे घरी केले होते. तिसऱ्या सोमवारपासून मी कॉलेजच्या कँटीनमध्ये समोसा खायचे.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो का? मग तिच्या उपासाची एक पोळी मले वाढा," ती म्हणाली. सगळे हसले. तिनं मला वाचवलं होतं.

आणि आता आत हे चाललं होतं. "जाऊ दे, त्यांचं त्यांच्यापाशी," आई म्हणाली. माझी मैत्रीण विहारातही जात नाही, त्यावरून तिची आई तिच्याशी धड बोलत नाही, हे तिनं गच्चीवर सांगितलेलं मला ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी वाटी नेऊन तिच्या पानाजवळ ठेवली.

स्कूटीवरून तिला बसस्टँडवर सोडलं. उतरल्यावर ती म्हणाली, "घरी माहीत नाही ना?"

"नाही."

"मंग आम्हाले काहून सांगितलं तसं?"

मी स्कूटीचा आरसा सारखा केला. "आंबील मस्त होती," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

घरी आले तर काकू उरलेल्या पोळ्या डब्यात भरत होती. "पुढच्या साली जरा विचारून बोलावत जाय मैत्रिणींले," ती म्हणाली.

आई भांडी पुसत होती.

"तिच्या जातीचा काही संबंध नाही, काकू," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की काकूनं "काय?" विचारलं.

"मी पण देव मानत नाही. आरती मी तुला घाबरून घेतली."