शेवटच्या क्वार्टरला जड झालेले हात

आमच्या सॅमसारखा बास्केटबॉल खेळनारा अख्ख्या नगर जिल्ह्यात न्हाई. मी सातवी शिकलेला मानूस, टेम्पो चालवतो, पन एवढं छाती ठोकून सांगतो. माझा धाकटा भाऊ. वय तेहतीस. साखर कारखान्याच्या गोदामात हमाल हाय. पन्नास किलोचं पोतं डोक्याच्या वर उचलून थप्पी लावतो, आन संध्याकाळी चर्चच्या मैदानावर लांबून बॉल टाकला की जाळीत सुळकन.

तीन वर्सं झाली, नाताळाच्या स्पर्धेत आमी फायनल हारतोय. सॅम आन त्याचा जोडीदार केदार, दोघंच निम्म्याच्या वर गुन करतात. केदार बी गोदामातलाच. पन शेवटच्या क्वार्टरला दोघांचा बॉल रिंगच्या अलीकडंच पडतो. लोक म्हनतात, घाबरतात. माझ्या भावाला घाबरट म्हनलं की माझं डोकंच फिरतं.

औंदा सॅम म्हनला, "दादा, हे शेवटचं. गुडगं ऐकत न्हाईत आता. एकदा तरी कप घरी आनायचाय."

फायनल नेवाश्याच्या संघासंगं, दुपारी चारला. सॅम सकाळपाळी करून थेट मैदानावर आला. पयले दोन क्वार्टर असा खेळला की मी शेजारच्याला हलवून हलवून सांगत हुतो, "माझा भाऊ हाय तो!" दहा गुनांनी पुढं हुतो. तिसऱ्यात पाच राहिले. शेवटच्यात बॉल परत अलीकडं पडाया लागला. मागनं कोनतरी मला वरडून म्हनलं, "शलमोनभाऊ, भावाला जेवाया घाला की!"

टाईमआऊट झाला तसा मी पान्याची बाटली घेऊन पळालो. सॅमला बाटली धरवंना, मीच ती त्याच्या तोंडाला लावली.

"अरे, झालं काय तुला?"

केदारच चिडून बोलला, "काय व्हनार? आज चार गडी आलेच न्हाईत. मुकादम म्हनला, सॅमचा भाऊच सांगतो, सॅम एकटा चौघांना भारी. सगळी गाडी आमा दोघांकडून भरून घेतली. हंगामात रोजचंच झालंय हे."

"जाऊ दे रं केदार," सॅम म्हनला.

मुकादमाला चहाच्या टपरीवर मीच सांगत आलोय, तीन हंगाम. खोटं काय हाय त्यात? मला वाटायचं, भावाची इज्जत वाढती.

चार सेकंद राहिले, आमी दोन गुनांनी मागं. सॅमला समोरच्यानं ढकललं आन एकेका गुनाचे दोन फ्री थ्रो मिळाले. त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. मग त्यानं दोन्ही हातांनी बॉल गुडग्यापासनं, खालनंच उडवला.

"विहिरीत बादली सोडतोय का रं!" पोरं हसली.

बॉल जाळीत. हसनं बंद झालं.

दुसरा बी तसाच उडवला. रिंगवर फिरला, फिरला आन भायेर पडला.

एका गुनानं गेलो. सॅम तिथंच खाली बसला. रडला न्हाई, नुसते मांडीवर ठेवलेले हात बघत राहिला. मी त्याच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. त्याला वाकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर जाऊन मुकादमाला म्हनलं, "माझ्या भावाकडं एकाच गड्याचं काम देत जा."

तो हसला. "कालपातूर तर चौघांना भारी हुता की!"

"व्हय, हुता," मी म्हनलो, आन गोदामाच्या दाराशी गेलो.

आत सॅम पोती उचलत हुता, हळूहळू. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आन दुसरं पोतं घेतलं.