मामांचा आहेर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही. अनोळखी माणसापुढे धीट व्हायला काय लागतं?

आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत. मी ‘हे’ म्हणत आले, इथेही तेच म्हणते. हे श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात कारकून होते. पगार कारकुनाचा, हात संस्थानिकाचा. कारखान्यावर पुढारी यायचा ठरला की हाराची वर्गणी सगळ्यांत आधी यांची. पुढारी तो हार गळ्यातून काढून मोटारीत भिरकावत असे, आणि इकडे आमची चहापूड संपलेली असे. वाचनालयातून मी पुस्तकं आणायची. त्यांतले उधळे नायक मला फार आवडत. पण नायकाच्या घरी वाण्याची बाकी कोण भागवतं, हे कुठल्याच पुस्तकात नसायचं. आमच्या घरी मी भागवायची — थोडं वाण्याला, थोडं दूधवाल्याला, आणि घरमालकाला नुसतं गोड बोलणं.

चिडायची का मी? चिडायची. पण हेही सांगायला हवं, की त्या घरात मोठ्याने हसणारं माणूस एकच होतं, आणि ते मी नव्हते.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, दुष्काळातला. यांची थोरली बहीण आक्का पारनेरकडच्या एका खेड्यात राहायच्या. नवरा मागेच गेलेला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि हे त्यांना सांगून आले, “मांडवाचा खर्च माझ्याकडे लागला. मी मामा आहे.” मग कारखान्यातून तीनशे रुपयांची उचल घेतली. शंभराच्या तीन नोटा पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. ती उचल पगारातून कापली जाणार, हे मला कोटाकडे बघूनच कळलं.

त्याच आठवड्यात वाणी दारात आला. शेजारणींना ऐकू जाईल असं बोलला. “वयनी, सायबांचा कोट लई झ्याक हाय. पर आमच्या बाकीचं काय? बाकी चुकती केल्याबिगर आता दानासुदिक मिळायचा न्हाई.”

लग्नाला निघायच्या सकाळी हे आंघोळीला गेले. कोट खुंटीला होता. मी पाकीट काढलं आणि माझ्या पिशवीत साडीच्या घडीत ठेवलं. ठरवलं असं होतं — लग्नघरी पोचल्यावर यांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, पन्नास आहेराला द्या, बाकीचे घरात लागतात. भांडण होईल, होऊ दे. खिसा चाचपून बघायची सवय यांना असती, तर ते भांडण घरीच झालं असतं आणि आज मला सांगायला काही उरलं नसतं.

पण पोचल्या पोचल्या बायकांनी मला आत नेलं आणि हे मांडवात मिरवायला लागले. बाजूला घेणं राहिलं. राहिलं — की मी राहू दिलं?

आमच्याकडे आहेर गुपचूप देत नाहीत. लग्न लागलं की एकजण माईक धरून बसतो आणि कुणी काय दिलं ते गावाला ऐकवतो. मला ती रीत नेहमी लिलावासारखी वाटत आली आहे. त्या दिवशीचा माईकवाला हौशी होता. “आता नवरीचे मामा! या सायेब, फुडं या. मामांचा आहेर कसा दनक्यात झाला पायजे!”

हे हसत उठले. आतल्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या. मग विजारीच्या. पुन्हा आतल्या. माईक चालूच होता, त्यातून यांचा श्वास ऐकू येत होता. “पाकीट... होतं इथं... एस.टी.त कुणीतरी...”

माईकवाल्याने जाहीर केलं, “मामांकडून — शुभाशीर्वाद!”

सगळा मांडव हसला.

मी बायकांत बसले होते. पिशवी मांडीवर. उठून म्हणायचं होतं — अहो, माझ्याकडे नाही का ठेवायला दिलंत? एवढं एक खोटं पुरलं असतं. का नाही उठले? भीती वाटली. बायकोने मामाचा आहेर दाबला म्हणतील. हे खरं, पण सगळं खरं नव्हे. उरलेलं असं — यांचा चेहरा उतरताना पाहून मला बरं वाटलं. आता कळेल, असं वाटलं. क्षणभरच. पण उठायची वेळ तेवढीच होती.

आक्का ओरडल्या नाहीत. “ऱ्हाऊ दे रं भाऊ,” म्हणाल्या, “तुझं न्हेमीचंच हाय.”

येताना नगरच्या स्टँडवर हे उभ्या गाड्यांतून फिरले. कंडक्टरांना विचारलं, बाकाखाली वाकून पाहिलं. मीही वाकले. पिशवी खांद्याला लावून मीही शोधलं.

पैसे वाण्याला दिले. यांना सांगितलं, भिशी लागली. यांनी लगेच मानलं. “तू आहेस म्हणून घर आहे. मी म्हणजे गळकं भांडं.” तिकडे मांडववाल्याचे पैसे द्यायला आक्कांनी गाय विकली — दुष्काळात, मातीमोलाने. ते कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत.

पुढे पगाराचं पाकीट न फोडता माझ्या हातात यायला लागलं. तंबाखूलाही हे मागून घेत. वर्गणीवाले यायचे थांबले. कुणाच्या लग्नाला हे गेले नाहीत, अगदी सख्ख्यांच्याही. देणी फिटली. बाईने घर सावरलं, असं शेजारणी म्हणत, आणि मी ऐकून घेत असे. हसणं कधी बंद पडलं, ते कुणी विचारलं नाही.

हे गेले तेव्हा आक्का दहाव्याला आल्या होत्या. माझ्याजवळ बसून म्हणाल्या, “पैसं नव्हतं तर नव्हतं म्हनायचं. सख्ख्या भैनीशी खोटं कशापायी बोलला गं?” मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

एक राहिलंच. लग्नाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे कोट घेऊन माझ्याजवळ आले. “खिसा कुठं उसवलाय बघ गं. मला दिसत नाही.” मी खिसा उलटा केला. तो कुठेच उसवलेला नव्हता. मी सुईत दोरा ओवला आणि त्या धडधाकट खिशाला दुहेरी टाके घातले. हे समोर बसून बघत होते.

“आता नाही ना पडणार?” म्हणाले.

मी म्हटलं, नाही.